सावनदुर्ग, दोन बर्गर आणि ३३६ रुपये

बंगळूरला ताजी बिअर प्यायला जाणार असाल तर खालचं काहीही वाचलं नाहीत तरी चालेल, पण बिल हातात आलं की आधी 'सर्व्हिस चार्ज' ही ओळ शोधा. आमचे ३३६ रुपये तिथे गेले आणि ते मला अजून खुपतायत.

सकाळी मी आणि मित्राने बंगळूरजवळचा सावनदुर्ग हा डोंगर केला. उंची १२२६ मीटर, उघडा ग्रॅनाइटचा कातळ, अंगावर सावली नाही. ट्रेक करणाऱ्यांना त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. बुटाचा सोल झिजलेला नको आणि पाणी माणशी तीन लिटर हवं. आम्ही दोनच नेलं होतं. संध्याकाळी इंदिरानगर मेट्रो स्टेशनवर उतरलो तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि डोक्यात फक्त थंडगार मग होता.

पहिली चूक इथेच झाली. मायक्रोब्रुअरीत, म्हणजे तिथल्या तिथे ताजी बिअर बनवून देणाऱ्या ठिकाणी, बसल्या बसल्या, पोटात काही नसताना पहिला मग घटाघटा संपवला. पंधरा मिनिटांत डोकं जड झालं. बिअरने तहान भागत नाही, उलट लघवीवाटे पाणी आणखी जातं. आधी साधं पाणी प्या, खायला मागवा, मग बिअर. आणि बिअरचा मग किती मिलीचा आहे ते विचारा. कुठे ३३० मिली असतो, कुठे ५००, आणि किमतीवरून ते कळत नाही.

बिअर मात्र अप्रतिम होती, तिला नावं ठेवणार नाही. हेफेवायझन, म्हणजे गव्हाची जर्मन पद्धतीची बिअर, घेतली. गढूळ, सोनेरी, नाकाजवळ नेली की पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, तो वास यीस्टचा. पुण्यात २००९ साली मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून मी ताजी बिअर पितोय, पण इतकी मोकळी चव क्वचित मिळाली. कडू झेपत नसेल तर आयपीए या प्रकारच्या बिअरच्या वाटेला जाऊ नका. ठरत नसेल तर छोट्या ग्लासांचा सँपलर मागवा.

बर्गर ठीक. पॅटी रसरशीत होती, पण दहा मिनिटांत खालचा पाव भिजून हातात आला. काटा-चमचा न घेता लगेच खा. आणि एक महत्त्वाचं. मेनूवर 'टेंडरलॉइन' लिहिलेलं असतं ते इथे साधारणपणे म्हशीचं मांस. ज्यांना चालत नाही त्यांनी ऑर्डर देण्याआधी स्पष्ट विचारावं. आम्ही चिकन घेतलं.

आता बिल. दोन बर्गर ११०० रुपये, बटाट्याचे वेजेस ३००, चार मग १८००. एकूण ३२००. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ३२०. त्या ३२० वर पुन्हा ५ टक्के जीएसटी, म्हणजे १६. खाण्यावर जीएसटी आणि बिअरवर राज्याचा कर हे वेगळं, त्याबद्दल तक्रार नाही, तो कर आहे. सर्व्हिस चार्ज कर नाही, ती हॉटेलने बिलात आधीच लावलेली टीप. पण बिलात तो करांच्या मधोमध बसवलेला होता. डोळ्यांवर झोप होती, क्यूआर स्कॅन केला, वर शंभर रुपये टीपही ठेवली. खोलीवर येऊन फोटो मोठा करून बघितला तेव्हा कळलं की टीप दोनदा गेली. ही फसवणूकच आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही.

नियम सरळ आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं की हॉटेलने हा चार्ज आपणहून बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही, आणि तो बिलात मिळवून त्यावर जीएसटी तर नाहीच. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला हे नियम कायम ठेवले. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलंय म्हणून तो द्यावा लागत नाही. पैसे देण्याआधी 'हा काढून नवीन बिल द्या' म्हणा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. एकदा पैसे गेले की परत मिळवायला फार खटपट.

शनिवारी जाऊ नका, टेबल मिळेपर्यंत पाय तुटतात. चपलेवर बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत, सॅकमध्ये बूट असू द्या. गाडी नेऊच नका. शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते स्टेशनवरून बाहेर पडतानाच बघून ठेवा, ती चुकली की रिक्षावाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात.

दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या ब्रुअरीत गेलो. तिथेही तीच ओळ होती. मॅनेजरला बोलावलं, बोट ठेवून दाखवलं. 'कंपल्सरी आहे' एकदाच म्हणाला. १९१५ म्हटल्यावर दोन मिनिटांत नवीन बिल आलं. ज्या पोराने आपणहून दोनदा पाणी आणून दिलं होतं, त्याच्या हातात शंभराची नोट दिली आणि निघालो.