बारा वर्षे उभी असलेली पद्मिनी पाहताना

जुनी गाडी विकत घेण्यासाठी पाहायला मी ठाण्यातल्या नौपाड्यात पोहोचलो तेव्हा काकूंच्या मुलाने शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी सोडवून आणून तयार ठेवली होती. गाडी १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी. काका गेल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आता इमारत पुनर्विकासाला जाणार असल्यामुळे शेड पडण्यापूर्वी ती कोणीतरी न्यावी, अशी घरच्यांची इच्छा होती. "आधी इंजिनाचा आवाज तर ऐका," असे काकू कौतुकाने म्हणाल्या आणि मला त्यांना नम्रपणे नाही म्हणावे लागले.

इतकी वर्षे न फिरलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल केव्हाच ओघळून गेलेले असते आणि पिस्टनच्या रिंगा गंजाने जागच्या जागी धरलेल्या असू शकतात. अशा स्थितीत स्टार्टरने इंजिन जबरदस्तीने फिरवले, तर रिंग तुटण्याची किंवा सिलिंडरवर चरे पडण्याची भीती असते, आणि मग जे काम तेलावर भागले असते ते बोअरिंगपर्यंत, म्हणजे सिलिंडर आतून पुन्हा कातून घेण्यापर्यंत, जाते. टाकीतले जुने पेट्रोलही एव्हाना पेट्रोल राहिलेले नसते. झाकण उघडले तेव्हा व्हार्निशसारखा उग्र वास आला; तो चिकट द्रव पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये गेला असता तर त्याची बारीक छिद्रे साफ करण्यातच आणखी एक दिवस गेला असता.

माझ्याबरोबर वागळे इस्टेटमधले एक मिस्त्री होते, ज्यांचे अर्धे आयुष्य फियाट म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या पद्मिनी टॅक्सींखाली गेले आहे. त्यांनी चारही स्पार्क प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले आणि ते मुरेपर्यंत आम्ही पत्र्याकडे वळलो. माझ्या मते गाडी घ्यायची की नाही याचा निर्णय इथेच होतो. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन उघडून पुन्हा बांधणारे हात अजून सापडतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून उतरली असली, तरी तिच्यावर काम केलेली माणसे काही त्याच दिवशी निवृत्त झाली नाहीत. पत्र्याचे तसे नाही. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा बनतो, त्यामुळे त्या पट्ट्या सडल्या की गाडीचे हाडच सडले असे समजावे. त्यात ठाण्याची खाडीवरची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस.

मी खिशात फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक नेले होते. रंग कितीही चकचकीत असो, पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली असेल तिथे चुंबक धरत नाही. काकूंच्या गाडीचा रंग उडालेला होता आणि त्याचेच मला बरे वाटले, कारण विकण्यासाठी घाईने रंगवलेल्या गाडीपेक्षा कळकट गाडी जास्त खरे बोलते. डाव्या मागच्या चाकावरची कमान सोडली तर चुंबक सगळीकडे चिकटले. मग पुढची पायपुसणी उचलून, खालचे कुजलेले जूट बाजूला करून मी स्क्रूड्रायव्हर टोचला. ड्रायव्हरच्या पायाखाली तो पुठ्ठ्यात जावा तसा आरपार गेला. डिकीत स्टेपनीखालीही पाणी साठल्याच्या खुणा होत्या. तळाखाली मात्र पट्ट्या टणक निघाल्या, म्हणजे तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करण्याइतकेच हे काम आहे. (जॅक आम्ही बॉडीला न लावता मागच्या अ‍ॅक्सलला लावला आणि आधाराची घोडी ठेवल्याशिवाय कोणीही खाली गेले नाही.)

टायरांवर २००० नंतर छापला जाणारा चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे '१४०९' होते, म्हणजे २००९ चा चौदावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, बाजूला भेगाच भेगा. टायर, रबरी नळ्या आणि ब्रेकचे सिलिंडर यांचा खर्च मी पाहण्यापूर्वीच धरून ठेवतो, त्यामुळे तिथे फार वेळ घालवला नाही. उंदरांनी डॅशबोर्डमागची वायरिंग कुरतडली होती, तीही त्याच हिशेबात.

दोन-अडीच तासांनी मिस्त्रींनी पुलीच्या नटाला पाना लावला. आधी काहीच हलले नाही. मग केसभर पुढे, थोडे मागे, असे करता करता इंजिनाने एक पूर्ण फेरा घेतला. डिपस्टिकवरचे तेल काळे होते, पण दुधाळ नव्हते, म्हणजे त्यात पाणी उतरलेले नाही. या इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडरांचा मुख्य भाग) बिडाचा आणि हेड (त्यावरचे झाकण) अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा आतून खाल्ल्या गेल्या आहेत का, हे हेड उघडल्यावरच कळेल.

कागद पाहताना मात्र गाडी अडली. चेसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली, तो आरसी बुकाशी जुळला; इंजिनाचाही जुळला. नोंदणीची मुदत २०१३ साली संपली आहे, ती फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरून वाढवता येईल. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, पण या गाडीला तिथवर जायला २०३३ उजाडेल, आणि त्या नोंदणीवर रोज गाडी चालवता येत नाही. मला तर ती रविवारी येऊरला न्यायची आहे. खरी अडचण दोन नोंदींची आहे. गाडी अजून काकांच्याच नावावर आहे, म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून ती काकूंच्या नावे व्हावी लागेल, त्यानंतरच माझ्या नावे करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. शिवाय १९८३ च्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच आहे. कर्ज केव्हाच फिटले, पण बँकेचा दाखला कोणी आणला नाही. तो हातात येईपर्यंत बयाणा देणार नाही, असे मी स्पष्ट सांगितले आणि काकूंनाही ते पटले.

गाडी ढकलून शेडच्या बाहेर काढू, असे मुलगा म्हणाला. ती तसूभरही हलली नाही. काकांनी शिस्तीने हँडब्रेक ओढून ठेवला होता आणि बारा वर्षांत मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटून बसले होते. पुढच्या रविवारी ड्रम सोडवायला आम्ही पुन्हा जाणार आहोत.