सोन्याची दोन वासरं

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून आज संध्याकाळी मीच तिला बायबलमधलं '२ राजे' हे पुस्तक वाचून दाखवत होतो. सतराव्या अध्यायात अडकलो. इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याची राजधानी शोमरोन, तिला अश्शूरी (असिरियन) सैन्याचा तीन वर्षं वेढा, मग इ.स.पू. ७२२ च्या सुमारास पाडाव. अश्शूरच्या सारगोन राजाच्या एका शिलालेखात पकडून नेलेल्यांचा आकडा आहे, २७,२९०. बायबल आकडा देत नाही, कारण सांगतं: इस्राएली लोक परमेश्वराला सोडून मूर्तींच्या मागे लागले.

मला मात्र दोनशे वर्षं आधीचा यराबाम, या उत्तरेकडच्या राज्याचा पहिला राजा, आठवत राहिला. लोक यज्ञासाठी यरुशलेमेला गेले तर तिथल्या राजाकडे वळतील, ही त्याची धास्ती. म्हणून आपल्याच राज्यात पूजेसाठी एक सोन्याचं वासरू बेथेल गावी, एक दान गावी. वर म्हणे, एवढ्या लांब कशाला जाता! म्हणजे सुरुवात भक्तीतून नाहीच, खुर्चीच्या भीतीतून. आणि लोकांना सोय आवडली की हो.

आईने बशीत चहा ओतला. "आणि ती वासरं कुठं गेली रे?"

बेथेलचं अश्शूरच्या राजाला नजराणा म्हणून नेतील, असं होशेय संदेष्टा म्हणाला होता. वाचून दाखवलं.

"अगंबाई, देवालाच उचलून न्यायचं?" म्हणाली, आणि चहा फुंकत बसली. अठरावा अध्याय उद्या.