बुडालेले ४० डॉलर आणि बॅरी हॅरिस

डेट्रॉइटच्या या उपनगरात पियानोच्या शिकवणीलाही छापील नियमावली असते. चोवीस तास आधी कळवलं नाही, तर तास बुडाला तरी पैसे द्यायचे. कागदावर सही माझीच होती, तक्रार त्याची नाही. पण त्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडत होता, शाळा बंद, हमरस्त्यावर गाड्या आडव्या. तरी दुपारी ईमेल आला, ४० डॉलर. बर्फाचा अंदाज आदल्या दिवशीच जाहीर झाला होता, म्हणून तेव्हाच कळवायला हवं होतं, म्हणे! अर्ध्या तासाचे ४० डॉलर, तेही न शिकवता. अंबाजोगाईत पावसामुळे क्लासला गेले नाही की बाई निरोप पाठवायच्या, लेकराला ताप आला का म्हणून. फी आई देईल तेव्हा, कधी दोन महिन्यांची एकदम. नवरा म्हणतो, म्हणूनच त्या बाईंचं घर कधी रंगवून झालं नाही. असेलही. पण मी मुलाचा क्लास बंद केला.

दुसरं कोणी मिळतं का बघताना गावच्या लायब्ररीतला एक वर्ग सापडला. एक निवृत्त पियानोवादक शनिवारी जॅझ शिकवतात, फी नाही. शाळकरी मुलं आणि सत्तरीचे गृहस्थ एकाच ओळीत. चूक झाली की सगळ्यांदेखत सांगतात, आणि दुरुस्तीही सगळ्यांनाच गाऊन दाखवतात. ही रीत जॅझ पियानोवादक बॅरी हॅरिसची, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले.

हॅरिस १९२९ साली डेट्रॉइटमध्येच जन्मले. आई चर्चमध्ये पियानो वाजवायची. विशी-पंचविशीत असतानाच त्यांच्या घरी शिकायला येणाऱ्या पोरांचा राबता असे. जवळच राहणारा चार्ल्स मॅकफर्सन हा त्यातलाच, पुढे नावाजलेला सॅक्सोफोनवादक. त्याचं प्रगतिपुस्तक एकदा हॅरिसनी बघितलं. सगळे मध्यम गुण. ज्यांचं संगीत तुला आवडतं ते मध्यम नाहीत, असं त्यांनी सुनावलं, आणि पोरगं पुस्तकं वाचायला लागलं. १९६० मध्ये हॅरिस न्यूयॉर्कला गेले, ट्रम्पेटवादक ली मॉर्गनच्या ‘द साइडवाइंडर’ या गाजलेल्या अल्बमवर त्यांचाच पियानो आहे. पण मोठ्या नावाचे झाल्यावरही शिकवणं सुटलं नाही. १९८२ ते १९८७ मॅनहॅटनमध्ये स्वतःचं जॅझ कल्चरल थिएटर चालवलं. ते बंद पडल्यावरही आठवड्याचे वर्ग चालूच राहिले, आणि करोनात नव्वदी गाठलेला हा माणूस झूमवर शिकवत होता. डिसेंबर २०२१ मध्ये ते गेले.

त्यांची एक युक्ती घरातल्या पेटीवर काढून बघा. सा रे ग म प, मग कोमल ध, शुद्ध ध, नी. आठ स्वर. आता एकाआड एक दाबा: सा ग प ध हा एक कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेल्या स्वरांचा गुच्छ, उरलेले रे म कोमल ध नी हा दुसरा. पहिला निवांत बसलेला, दुसरा घरी जायला उतावीळ. या दोघांची अदलाबदल करत सगळी पट्टी चढायची. विशारदपर्यंत पेटी वाजवूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. येणार कसं, आपल्याला कॉर्ड लागतातच कुठे?

आणि हे ऐकून कोणी म्हणेल की बघा, परदेशात विद्या कशी मोकळी, तर थांबा. चिजा लपवणाऱ्या उस्तादांचे किस्से मीही वाचलेत, माझ्या वाट्याला ते आले नाहीत. आमच्या तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंना पखवाजासाठी पद्मश्री मिळाली, हा माणूस वारकरी भजनातला. नांदेडचे गायक नाथराव नेरळकर यांनी औरंगाबादेत शिष्यांच्या पिढ्या घडवल्या, तेही २०२१ मध्येच गेले. एकादशीच्या भजनात दहा वर्षांचं पोरगं टाळ घेऊन म्हाताऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसतं, चुकलं की तिथल्या तिथे ओरडा खातं. जॅझवाले एकत्र बसून आयत्या वेळी वाजवतात ते जॅम सेशन म्हणजे वेगळं काय असतं? फरक एवढाच की हॅरिसच्या वर्गांचे व्हिडिओ आज कोणालाही बघता येतात, आणि आमच्या बाईंचं शिकवणं कोणी टेप करून ठेवलं नाही. वाळूजची नोकरी सोडून मी इकडे आले नसते, तर मी तरी कुठे टेप केलं असतं म्हणा.

मामाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “फुकट शिकवायलेत? मग त्यांचं भागतंय कसं?” मी म्हटलं, पेन्शन असेल. “आन् तू ४० डॉलरसाठी भांडायलीस? पगार कमी पडायलाय का तुला?”

ते पैसे मी अजून भरलेले नाहीत. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या सुट्टीत डेट्रॉइट जॅझ फेस्टिव्हल असतो, १९८० पासूनचा, चारही दिवस प्रवेश फुकट. तेव्हा आई इथे असेल. तिला न्यायचा विचार आहे, पण बसायला घडीची खुर्ची घरूनच न्यावी लागेल, तिचे गुडघे दुखतात.