जे येत नाहीत त्यांची यादी

आपल्याकडे मधुमेहाचे पेशंट किती, असं एका बैठकीत विचारलं गेलं आणि मला उत्तर देता आलं नाही. ओपीडीतले चेहरे डोळ्यांसमोर आले, आकडा मात्र आला नाही. केसपेपर कपाटात, बिलं संगणकात, लॅबचे रिपोर्ट तिसरीकडेच. एकेकाची माहिती होती, पण सगळ्यांची मिळून एक यादी नव्हती.

ती करायची ठरवली आणि पहिले कित्येक दिवस सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यातच गेले. नॉर्वेने कुष्ठरोग्यांची राष्ट्रीय नोंदवही १८५६ साली सुरू केली होती, कागद-शाईवर. ते आठवलं आणि आम्ही साधी एक्सेल शीट उघडली.

खरा घोळ पुढे होता. मधुमेही कुणाला म्हणायचं? आधी आम्ही मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असलेले सगळे शोधले. त्यात पीसीओएससाठी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) ती गोळी घेणाऱ्या मुली आल्या, ज्यांना मधुमेह नव्हताच. आणि नुसत्या इन्सुलिनवर किंवा पथ्यावर असलेले सुटले. मग आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीतला ई११ हा टाइप-२ मधुमेहाचा कोड लावून पाहिला. तर नुसती शंका म्हणून तपासणी लिहून देतानाही तोच कोड पडलेला. गरोदरपणातला मधुमेह वेगळा, तोही मधेच घुसलेला. शेवटी नियम केला: एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त, नाहीतर उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, आणि तीही एकदाच नव्हे, दोनदा. किंवा निदान डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेलं. जिथे शंका, तिथे फाइल काढून वाचायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण यात घाई केली की पुढची प्रत्येक टक्केवारी खोटी ठरते, कारण भागाकारात खाली काय घ्यायचं तेच चुकलेलं असतं.

नावांनी तर रडवलं. एकच बाई माहेरच्या नावाने, सासरच्या नावाने आणि तिसऱ्यांदा नुसत्या आडनावाने. मोबाईल नंबरवरून जुळवावं, तर अख्ख्या घराचा एकच नंबर. जन्मतारीख पाहावी, तर ढीगभर लोक १ जानेवारीला जन्मलेले. तारीख माहीत नसली की नोंदणीच्या खिडकीवर तीच टाकतात. सिस्टर आणि मी संध्याकाळी ओपीडी संपल्यावर समोरासमोर बसायचो. त्या केसपेपर वाचायच्या, मी शीट पाहायचे. "मॅडम, या दोघी एकच आहेत. हिच्या डाव्या पायाला जखम होती, हिच्याही डाव्याच." अशी जुळणी कुठलंही सूत्र करून देत नाही. प्रत्येकाला कायमचा एक क्रमांक दिला, तेव्हा कुठे यादी स्थिर झाली.

एक चूक माझी. रक्तदाब मोजलेला नसेल तिथे आमच्या ऑपरेटरने शून्य भरलं होतं. रिकामं ठेवायचं की शून्य टाकायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. १४०/९० च्या खाली किती जण आहेत ते काढलं, तर निकाल फारच छान आला. मी खूश झाले. सिस्टर म्हणाल्या, "एवढ्यांचा बीपी आपण घेतलाय कधी?" न मोजलेले सगळे 'नियंत्रणात' गणले गेले होते. तेव्हापासून 'तपासलं नाही' हा वेगळा पर्याय ठेवला आणि अशक्य आकडा टाकला तर शीट तो स्वीकारत नाही.

रकाने आधी चाळीसच्या वर होते, ते बारावर आणले. शेवटचं एचबीए१सी आणि त्याची तारीख, रक्तदाब, मूत्रपिंडासाठी ईजीएफआर ही रक्ततपासणी आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, डोळ्यांची आणि पायांची वार्षिक तपासणी, इन्सुलिन आहे का, शेवटची भेट. जी माहिती पाहून आपण काही वेगळं करणार नाही, ती गोळा करू नये असं माझं ठाम मत झालंय. भरणाऱ्याचा वेळ जातो आणि पेशंटची खासगी माहिती विनाकारण जास्त ठिकाणी पडून राहते. शीटला पासवर्ड आहे, ती तिघांनाच उघडते, आणि तुमचं नाव यादीत आहे हे पेशंटला सांगतो.

मग शीट 'शेवटची भेट' या रकान्यावर लावली, सर्वात जुनी तारीख वर. एचबीए१सी साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगतं. इथे वरच्या नावांची वर्ष-वर्ष भेट नव्हती. जे येतात त्यांना यादीची गरज फारशी नसते, ते समोर बसलेलेच असतात. न येणारे पहिल्यांदा मला या शीटवर दिसले.

सिस्टरांनी वरून फोन सुरू केले. तिसऱ्याच फोनवर मुलीने उचललं. "बाबा जाऊन आठ महिने झाले." सिस्टरांनी फोन ठेवला आणि बराच वेळ दुसरा लावला नाही. त्याच दिवशी 'हयात / मृत / दुसरीकडे उपचार' असा रकाना घातला. तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

पाचवा फोन एका आजींचा. गोळ्या चालू आहेत म्हणाल्या, फक्त गुडघ्यामुळे जिना चढवत नाही. आमची ओपीडी वरच्या मजल्यावर. चौदा महिने त्या जुन्याच चिठ्ठीवर औषधं घेत होत्या. आम्ही आठवड्यातून एक दिवस खाली टेबल लावलं. आजी आल्या, मोजे काढले, तर उजव्या टाचेला भेग पडून चिघळलेली. त्यांना ती जाणवतच नव्हती. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे स्पर्श कळतो का ते पाहायचा नायलॉनचा धागा, तळव्याला टेकवत मी विचारत होते, "आजी, आता लागतंय का?" आणि त्या डोळे मिटून प्रत्येक वेळी म्हणत होत्या, "लावलं का तू?"

खालच्या टेबलावर आता दर आठवड्याला सहा-सात जण असतात. आजींची टाच भरत आली आहे.