तुम्ही विचारलंत म्हणून: विसराळूपणावर मॅग्नेशियमची गोळी?

"आई हल्ली फार विसरते, रात्री झोपही धड नाही. मॅग्नेशियम मेंदूला चांगलं म्हणतात, चालू करू का?" हा प्रश्न सोलापुरात आता घरोघरी विचारला जातोय. नुसत्या विसरण्यासाठी म्हणून असेल, तर चालू करू नका.

मेंदूत मॅग्नेशियमला काम आहे, यात वाद नाही. चेतापेशींवर एनएमडीए नावाचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे संदेश घेणारी दारं असतात. मॅग्नेशियमचा आयन (विद्युतभारित कण) त्यांच्या तोंडाशी अडून बसतो आणि पेशीला पुरेसा जोराचा संदेश आला की बाजूला होतो. मग कॅल्शियम आत शिरतं. मॅग्नेशियम फारच घटलं तर पेशी उगाच उत्तेजित होतात. थरथर, पेटके, कधी झटकेही येतात. पण कमी पडलं की बिघडतं, म्हणून जास्त घेतलं की बुद्धी तल्लख होते, असं नाही. थ्रिओनेट या मॅग्नेशियमच्या महागड्या प्रकाराचा बोलबाला 2010 साली उंदरांवर झालेल्या प्रयोगापासून सुरू झाला. माणसांवरचे अभ्यास अजून लहान आहेत. अर्धशिशीचं मात्र वेगळं: तिथे मॅग्नेशियमचा उपयोग होतो याला बरा आधार आहे, फक्त डोस डॉक्टरांनी ठरवायचा.

घ्यायचीच असेल तर डबीची मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरात 'मॅग्नेशियम ग्लायसिनेट 1000 मि.ग्रॅ.' असतं, त्यात खरं मॅग्नेशियम जेमतेम 140. थ्रिओनेटच्या 2000 मध्ये 144. 'एलिमेंटल' शब्दापुढचा आकडा तेवढा खरा. ऑक्साइडमध्ये वजनाच्या 60 टक्के मॅग्नेशियम असतं, पण अंगी फार थोडं लागतं. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब होतात. गोळ्यांमधून दिवसाला 350 मि.ग्रॅ.च्या वर आपल्या मनाने जाऊ नये.

आता ताटाकडे बघू. पुरुषाला दिवसाला 440 आणि बाईला 370 मि.ग्रॅ. लागतं. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 130 असतं. म्हणजे मंगळवेढ्याच्या मालदांडीच्या दोन जाड भाकरींत दीडशेच्या आसपास, आणि वर दोन मोठे चमचे शेंगा चटणी घेतली की आणखी पन्नासेक. भाकरी कडक करून ठेवली तरी खनिज कुठे जात नाही. जातं ते पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकला की, किंवा पालेभाजी उकडून पाणी ओतून दिलं की. भाकरी सुटून पांढरा भात, पाव आणि मैद्याची बिस्किटं आली, तिथून खरी तूट सुरू होते. ती भरून काढायला गोळीआधी भाकरी परत आणा.

आईच्या विसरण्यासाठी आधी बी12 जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि साखर तपासून घ्या. शाकाहारी घरात, त्यातून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी12 घटलेलं असणं अगदी नेहमीचं. ते वेळेत भरून काढलं तर विसरणं कमीही होऊ शकतं. तिथे मॅग्नेशियम देत बसलात तर तेवढे महिने वाया गेले. आणि गोंधळणं अचानक सुरू झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात ढिला पडला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

रक्तातलं मॅग्नेशियम मोजता येतं, पण शरीरातल्या साठ्याचा एक टक्काही रक्तात नसतो. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी कमतरता असू शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, वर्षानुवर्षं चाललेली ॲसिडिटीची गोळी, आवाक्यात नसलेली साखर, रोजची दारू, लांबलेले जुलाब, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ही गोळी विचारल्याशिवाय घेऊच नये. मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, साठत जातं. रक्तदाब उतरतो, स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. वय झालेलं असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी बघा, गोळी नंतर.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉईडचं औषध नीट शोषलं जात नाही. डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स असेल तर तेवढे दिवस मॅग्नेशियम बंद ठेवणं सगळ्यात सोपं.