आज साबणाच्या वड्या पडल्या!
कधीपासून मनात होतं, आज झालं. ५०० ग्रॅम खोबरेल, ७३ ग्रॅम कॉस्टिक सोडा, काट्यावर ग्रॅमन् ग्रॅम मोजून. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. भांडं स्टीलचं, अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको. हातमोजे, चष्मा, खिडक्या सताड उघड्या. तरी गॅस न पेटवता ते पाणी वाफाळायला लागलं तेव्हा छातीत धडधडलंच.

मग ते निववून तेलात ओतलं आणि घुसळत बसले. आधी ताकासारखं पातळ, आणि बघता बघता पिठल्यासारखं दाट. वरून सोडलेली धार तशीच उमटून राहिली! आईला हाक मारून दाखवलं.

संध्याकाळी वड्या पाडल्या. पांढऱ्याशुभ्र. आता सहा आठवडे फडताळात सुकतील. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घरचाच साबण.