गोव्यातलं पॅकअप

निर्माता म्हणजे पैसे लावणारा माणूस, असा बहुतेकांचा समज असतो. दैनंदिन मालिकेच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. चॅनल आम्हाला एपिसोडमागे ठरलेली रक्कम देतं, मालिकेचे हक्क चॅनलकडेच राहतात आणि सेटचं भाडं, कलाकार, तंत्रज्ञ, जेवण, जनरेटर असं सगळं त्या रकमेत बसवायचं असतं. बिल पास होऊन पैसे हातात पडायला अडीच-तीन महिने जातात. तोवरचा खर्च निर्मात्याने अंगावर घ्यायचा. त्याहून मोठ्या जबाबदाऱ्या दोन. रात्री ठरलेल्या वेळेला एपिसोड गेलाच पाहिजे, आणि तो करणारी माणसं धडधाकट घरी परतली पाहिजेत. एरवी या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळता येतात. मे 2021 मध्ये गोव्यात एका दिवशी त्यातली एकच निवडायची वेळ माझ्यावर आली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 14 एप्रिल 2021 ला रात्री आठपासून महाराष्ट्रात नवे निर्बंध लागू झाले आणि मालिकांची शूटिंग बंद झाली. आमच्याकडे जेमतेम आठवड्याची बँक होती, म्हणजे शूट आणि एडिट होऊन तयार असलेले पुढचे भाग. आदल्या वर्षी मार्च ते जून जुने भाग दाखवावे लागले तेव्हा काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. प्रेक्षकाची रात्री टीव्हीसमोर बसायची सवय एकदा मोडली की ती परत लावायला महिने जातात. कोणी सिल्वासाला गेलं, कोणी दमणला, कोणी हैदराबादला. मराठीतली बरीच युनिट्स गोव्यात उतरली, त्यात आम्हीही.

आमच्या लेखिकेने एका रात्रीत ट्रॅक, म्हणजे मालिकेचं कथानक, फिरवला. मालिकेतलं कुटुंब ठाण्यातलं. ते कुलदैवताला म्हणून गोव्याला निघालं. हे तिने फार छान जुळवलं होतं, कारण मंगेशी, शांतादुर्गा ही महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची खरोखरच कुलदैवतं. देवळात शूट करायचा प्रश्नच नव्हता, पण फोंडा तालुक्यात एक जुनं घर मिळालं. मोठं अंगण, तुळशीवृंदावन, लाकडी माडी. सगळ्यांच्या चाचण्या करून, परवानगी घेऊन आम्ही त्या घरात आणि शेजारच्या दोन घरांत राहिलो. बाहेर पडायचं नाही, बाहेरचं कोणी आत नाही. दिवसाला साधारण एक एपिसोड निघत होता. रात्री फुटेज मुंबईला अपलोड करायचं. नेट गेलं की पोस्ट प्रॉडक्शनचा मुलगा लॅपटॉप घेऊन माडीच्या खिडकीत पहाटेपर्यंत बसायचा.

पण बाहेर गोवा आजारी पडत होता. एप्रिलच्या अखेरीस तिथे चार दिवसांचा लॉकडाउन लागला. मेच्या सुरुवातीला चाचणी केलेल्या दर दोन माणसांमागे एक पॉझिटिव्ह निघत होता. दुकानं बंद आणि मुंबईच्या लोकांचं शूटिंग चालू, हे लोकांना खुपणारच. मडगावला रवींद्र भवनात एका कार्यक्रमाचं शूटिंग चाललं होतं, तिथे निदर्शनं झाली.

त्या सकाळी आमचा स्वयंपाकघरातला सीन लागला होता. सून सासूला सत्य सांगते तो, ज्यासाठी चॅनलने आठवडाभर प्रोमो चालवला होता. मास्टर, म्हणजे सगळा सीन लांबून घेतलेला शॉट, झाला होता. सासूच्या क्लोजसाठी, म्हणजे चेहऱ्याच्या जवळच्या शॉटसाठी, लाइट फिरवत असताना प्रॉडक्शन कंट्रोलर फोन हातात धरून आला. राज्यातल्या सगळ्या शूटिंगच्या परवानग्या सरकारने मागे घेतल्या होत्या. तोवर फाटकाशी गावातली काही माणसं येऊन उभी राहिली होती. मी बाहेर गेले. आरडाओरडा कोणीच केला नाही. त्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बाई, माझा भाऊ गोमेकॉत स्ट्रेचरवर पडलाय, खाट मिळत नाही. आणि इथे तुमचा जनरेटर रात्रभर वाजतो." गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल.

त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. आमच्या कागदांवर सही-शिक्के होते, चाचण्या होत्या, पण त्यांच्या भावाच्या खाटेपुढे ते कागद पुढे करणं मला शक्य नव्हतं. मी हात जोडले आणि सांगितलं, आता लगेच बंद करते.

आत आले तर चॅनलचा फोन. पलीकडचा माणूस वाईट नव्हता. त्याच्यावरही वरून दबाव होता. त्याचं म्हणणं, दारंखिडक्या लावून घ्या, जनरेटर बंद ठेवा, घरच्या विजेवर रात्रीत तेवढे क्लोज उरका, कोणाला कळणार आहे? माझा दिग्दर्शक माझ्याकडे बघत होता. दोन तासांचं काम होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "पॅकअप."

चॅनलला मी एवढंच सांगितलं की परवानगी नसताना कॅमेरा चालू राहिला आणि पोलीस आले, तर जबाब माझ्या लाइटदादांना आणि सेटवर चहापाण्यापासून पडेल ते काम करणाऱ्या स्पॉटदादांना द्यावा लागेल. ते माझ्या शब्दावर घर सोडून आले होते.

सीन अर्धवट राहिला की सेटवर जे चालतं ते बाहेरच्यांना दिसत नाही. कॉश्च्युमच्या मुलीने सुनेचं मंगळसूत्र, डाव्या हातातल्या बांगड्या, कुंकवाची डबी एका झिपच्या पिशवीत घातली आणि वर मार्करने सीन नंबर लिहिला. पदर कोणत्या खांद्यावरून किती खाली होता, याचे फोटो काढून ठेवले. आर्टवाल्याने ओट्यावरच्या भांड्यांची जागा नोंदवली. तो सीन आता त्या स्वयंपाकघरात कधीच होणार नाही हे माहीत असूनही सगळ्यांनी आपापलं काम नेमकं केलं. या लोकांबद्दल मला जो आदर आहे तो अशा वेळी दाटून येतो.

परतणं सोपं नव्हतं. महाराष्ट्राने गोव्याला संवेदनशील ठिकाणांच्या यादीत घातलं होतं, त्यामुळे 48 तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल हवा होता. लॅबवर इतका ताण की अहवालालाच वेळ लागत होता. आम्ही त्या घरात थांबून राहिलो. रोजंदारीवरच्या माणसाला शिफ्ट नाही तर पैसे नाहीत, हा आमच्या धंद्याचा रिवाज. थांबलेल्या दिवसांचे पैसे मी शिफ्टप्रमाणे धरायला सांगितले. अकाउंटंट कुरकुरला, पण त्याने धरले.

अहवाल आले. एक स्पॉटदादा पॉझिटिव्ह निघाला. सगळं युनिट दोन बसमधून गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याच्या रस्त्याने निघून गेलं आणि मी त्याच्यासाठी मागे राहिले. तो माडीवर, मी खाली. दर चार तासांनी तो ऑक्सिमीटर बोटाला लावून आकडा मोठ्याने सांगायचा, मी लिहून ठेवायची. घरमालकीण दुपारी पेज आणि लोणचं पायरीवर ठेवून जायच्या. गावातल्या कोणीही आम्हाला निघून जा म्हटलं नाही. आकडा 94 च्या खाली कधी गेला नाही. तो बरा झाला.

तो गाजलेला सीन एडिटरने नुसत्या मास्टरवर लावला. दोघी लांबून दिसतात, सुनेचा चेहरा आहे, सासूचा नाही. पुढे चॅनलने जुन्या भागांचे संकलित एपिसोड दाखवले. 7 जूनपासून मुंबईत अटी घालून काम सुरू झालं तेव्हा टीआरपी पडलेला होता आणि तो वर यायला दिवाळी उजाडली.

ऑफिसला परतल्यावर पहिल्याच बैठकीत मी जुना विषय काढला. आमच्या धंद्यात मेहनताना 90 दिवसांनी देण्याची पद्धत आहे. मोठ्या कलाकाराला ते निभावता येतं. सेटिंगवाला, लाइटदादा, स्पॉटदादा यांना नाही. गोव्याहून परतलेल्या माझ्या माणसांपैकी काहींचे तर फेब्रुवारीचे पैसे यायचे होते आणि घरात औषधांची बिलं होती. खालच्या फळीतल्या सगळ्यांचे पैसे आठवड्याच्या आठवड्याला द्यायचे, असं आम्ही तेव्हापासून ठरवलं. त्यासाठी दर महिन्याला जास्त रोकड हाताशी ठेवावी लागते, व्याज भरावं लागतं. चॅनलशी नवा करार करताना ही रक्कम आगाऊ मागते. एकाने मान्य केली आहे, दुसऱ्याशी बोलणी चालू आहेत.